मुलांची रांग, मुलींची रांग

संपादकांचा फोन आला तेव्हा मी भावाच्या वाडीत सोनचाफा तोडत होते. म्हणाले, "रेजिना टीचर, नाताळ अंकासाठी शाळेच्या आठवणी लिहा. मैदानावरच्या गमतीजमती. हलकंफुलकं काहीतरी." मी हो म्हटलं. गमती भरपूर आहेत. पण सगळं हलकं होईल याची हमी देत नाही. वाचून कोणाला राग आला तर त्यांनी संपादकांना त्रास देऊ नये, थेट माझ्याकडे यावं. चर्चपासून पुढे आल्यावर कोणालाही विचारा, माझं घर दाखवतील.

मी पीटीची टीचर होते. वसईतल्या एका मराठी शाळेत नोकरी लागली आणि तिथूनच निवृत्त झाले. पीटीची टीचर म्हणजे गळ्यात शिट्टी आणि तोंडात 'सावधान, विश्राम', एवढंच बाहेरच्यांना माहीत असतं. स्टाफरूममध्येही याहून फार वेगळं मत नव्हतं. गणिताचा भाग मागे राहिला की पीटीचा तास गणिताला जायचा. माझा खो-खो मागे राहिला म्हणून गणिताचा तास मला कधी मिळाला नाही. मैदानावर फक्कीने पांढऱ्या रेषा मारायच्या, लेझमी पेटीत भरायच्या, बॉलमध्ये हवा भरायची, सकाळी प्रार्थनेच्या रांगा लावायच्या, कोणाला चक्कर आली की सावलीत न्यायचं, ही आमची कामं.

पण वर्गातल्या शिक्षकांना जे दिसत नाही ते आम्हाला दिसतं. वर्गात मूल बाकामागे अर्धं झाकलेलं असतं. मैदानावर ते अख्खं समोर येतं. कोण खांदे पाडून चालतं, कोणाला कोणीच आपल्या टीममध्ये घेत नाही, कोणाचं नेमकं पीटीच्या दिवशी पोट दुखतं, सगळं कळतं. फक्त उन्हात उभं राहून बघायची तयारी पाहिजे.

आधी हसण्यासारखी गोष्ट सांगते. नववीत ज्योती नावाची मुलगी होती, राजोडीहून यायची. खो-खोत तिला पकडणं म्हणजे वाऱ्याला पकडणं. एका सोमवारी ती केस अगदी बारीक कापून आली, मुलगे कापतात तसे. आमच्या शाळेत मुलींना दोन वेण्या आणि लाल रिबिनी. पर्यवेक्षिका बाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. "केस वाढले की ये," म्हणाल्या. ज्योतीबद्दल आधीच कुजबुज होती. तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं नाव बदामात घालून कोणीतरी फळ्यावर लिहिलं होतं. बाईंचा खरा राग त्या बदामावर होता. केस हे निमित्त.

मी दोन दिवस बाईंना समजावून पाहिलं. मग शनिवारी विरारला गेले आणि माझा अंबाडा कापून टाकला. न्हाव्याने दोनदा विचारलं, "नक्की ना मॅडम?" सोमवारी प्रार्थनेला मी समोर उभी राहिले तेव्हा सगळं मैदान 'अरे बापरे' म्हणालं. नंतर ऑफिसात जाऊन बाईंना सांगितलं, "ज्योतीला बोलवा, नाहीतर मलाही केस वाढेपर्यंत रजा द्या. भरपगारी." दुसऱ्या दिवशी ज्योती वर्गात होती. घरी माझी भावजय आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मी मात्र केस पुन्हा कधी वाढवले नाहीत. मानेला वारा लागण्याचं सुख मला तोवर ठाऊकच नव्हतं.

तेव्हापासून क्रीडा साहित्याच्या खोलीत मुलांची ये-जा वाढली. बॉलमध्ये हवा भरायची आहे, असं सांगून यायची. हवा भरून झाली तरी जायची नाहीत. लेझमीच्या पेटीवर बसायची आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता मध्येच एखादं वाक्य टाकायची. मी पंप मारत राहायचे. अशा वेळी मुलाच्या तोंडाकडे बघायचं नसतं, हे कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

आता किरणबद्दल. किरण पाचूबंदरची. वडील मासेमारीच्या बोटीवर, आई मंजुळाबाई मच्छी विकायची. शाळेच्या दप्तरी किरण मुलगा होती आणि मुलग्यांचा गणवेश घालून यायची. मी तिला पहिल्यापासून 'ती'च म्हणणार आहे. वाचताना अडखळलात तर थोडं थांबा आणि पुढे वाचा.

ती आठवीत असताना एकदा रिलेची प्रॅक्टिस चालू होती. किरण बॅटन घेऊन धावताना पडली. गुडघा सोलवटला. मी धावत गेले तर म्हणाली, "काही नाही टीचर, मी पडले."

मी पडले. आजूबाजूच्या मुलांना जे हसू फुटलं ते शाळेच्या भिंतीपलीकडे गेलं असेल. "पडले! ए, किरण पडले!" आपली भाषा अशी आहे की नुसतं आलो, गेलो, जेवलो म्हणायचं तरी आधी बाई की पुरुष ते सांगावं लागतं. दुसऱ्या भाषेत एखादं मूल वर्षानुवर्षं लपून राहील. मराठीत एका क्रियापदावर सापडतं. किरणच्या तोंडून ते चुकून गेलं की ठरवून, मी कधी विचारलं नाही. मी शिट्टी मारून सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि तिचा गुडघा धुतला. तिने वाक्य दुरुस्त केलं नाही. ते माझ्या लक्षात राहिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन कोसळली. अंग तापलेलं होतं. मंजुळाबाईंना बोलावून आम्ही दोघी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, विचारपूस केली आणि म्हणाले, "लघवीला इन्फेक्शन आहे. हे मूल दिवसभर पाणी पीत नाही आणि लघवी रोखून धरतं. शाळेत बाथरूम नाही का?"

बाथरूम होतं. किरणने खाली मान घालून सांगितलं. चार मुलगे तिला आत कोंडायचे. 'तू कोण आहेस ते बघू दे' म्हणायचे. म्हणून तिने जाणंच बंद केलं होतं. सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत नव्हती. आमच्या वसईच्या उकाड्यात. आणि त्यात मी तिला रिलेत पळवत होते.

बाहेर आल्यावर मंजुळाबाईंनी माझा हात धरला. "टीचर, मला म्हायती हाय. लहान व्हता तवापासून म्हायती हाय. नाव पन मीच ठेवलं किरण, पोराला चालेल नि पोरीला पन. पन कोनाला सांगू नका. तिचा बाप बोटीवरून आला की मलाच धरील."

मी म्हटलं, "घरचं तुम्ही बघा. शाळेचं मी बघते."

माझ्या क्रीडा साहित्याच्या खोलीला लागून एक छोटं बाथरूम होतं. प्रमुख पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं. वर्षातून दोनदा पाहुणे यायचे, तेवढं उघडायचं. एरवी कुलूप. मी कुलूप काढलं, आत बादली ठेवली, कडी नीट केली आणि किल्ली दाराशेजारी खिळ्याला अडकवली. किरणला सांगितलं, हवं तेव्हा जा. मग मुख्याध्यापक चौधरी सरांना जाऊन सांगितलं.

चौधरी सर वाईट माणूस नव्हते. फार घाबरट होते. "टीचर, आधी परवानगी घ्यायला हवी होती ना?"

"सर, लघवीला परवानगी घेऊन चालत नाही."

"तसं नाही हो. पण उद्या संस्थेने विचारलं तर मी काय सांगू?"

"सांगा की रेजिनाने केलं. खोटं तर नाही ना?"

त्या चार मुलग्यांना मी सोडलं नाही. चौघांच्या आईवडिलांना वेगवेगळ्या वेळी बोलावून सरांसमोर काय घडलं ते सांगितलं. किरणची माफी मागायला लावली. चौघेही कबड्डीच्या टीममध्ये होते, त्यातले दोघे तर टीमचे खांबच. चौघांना त्या वर्षी टीममधून काढलं. तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. इतकी वर्षं ट्रॉफ्या आणल्या, त्यांतल्या किती आता गंजल्या असतील. त्या हरण्याचा मला जास्त अभिमान आहे.

शेवटचं काम रांगांचं. आमच्याकडे प्रार्थनेला डावीकडे मुलांची रांग, उजवीकडे मुलींची रांग. किरण रोज सकाळी मुलांच्या रांगेत त्या चौघांच्या मध्ये उभी असायची आणि मागून चिमटे खायची. मी एका सकाळी शिट्टी मारून सांगितलं, "आजपासून उंचीप्रमाणे. बुटके पुढे, उंच मागे. मुलगा-मुलगी काही बघायचं नाही." गोंधळ झाला, हशा झाला. दोन-चार दिवसांत सवय झाली. कोण आपल्यापेक्षा किती वाढलं यावरून भांडणं सुरू झाली आणि बाकी सगळं मुलं विसरली. मुलं फार लवकर विसरतात. त्रास होतो तो मोठ्यांना.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी गेली. जाताना ती वाढत गेली. शाळेत मुलामुलींचं बाथरूम एक केलंय. पीटीच्या टीचर मुलांना काहीतरी भलतंसलतं शिकवतात. त्या टीचरने स्वतः लग्न का नाही केलं ते आता कळलं. हे शेवटचं मला भावजयीने तिच्या फोनमधून वाचून दाखवलं, घाबरत घाबरत. मी म्हटलं, "पुढे काय लिहिलंय ते वाच."

सभा बोलावली गेली. हॉल भरला होता. पालकांच्या वतीने सावंत बोलायला उठले. मूळचे कोकणातले, मुंबईत बँकेत नोकरी, वसईत फ्लॅट. शाळेसाठी धावपळ करणारा सज्जन माणूस, आणि सज्जनपणेच बोलत होते. "आमचा कोणावर राग नाही. पण आमच्या मुलांवर परिणाम होतो. त्या मुलाला दाखला देऊन टाका. त्याच्यासाठीही तेच बरं. त्याच्यासारख्यांसाठी कुठेतरी वेगळी सोय असेल."

"कुठे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"वेगळी सोय कुठे आहे? वसईत? विरारला? नालासोपाऱ्याला? पत्ता सांगा. मी स्वतः जाऊन बघून येते."

मागून एक बाई म्हणाल्या, "पण टीचर, माझी मुलगी त्याच्याबरोबर एका बाथरूममध्ये कशी जाईल?"

"एका वेळी एकच जण जातं. आतून कडी आहे. तुमच्या घरी आहे तसंच."

थोडे लोक हसले. मग कोणीतरी ग्रुपवरचं ते वाक्य काढलंच. "तुम्हाला त्यांचाच एवढा पुळका का, टीचर? तुमचं स्वतःचं काय?"

चौधरी सर टेबलाकडे बघू लागले. मी म्हटलं, "माझं स्वतःचं काय आहे ते मी माझ्या देवाला सांगते. तुम्हाला सांगणं लागत नाही. मी 'तशी' नाही असं इथे शपथेवर सांगितलं, तर 'तसं' असणं हा गुन्हा आहे, हे मीच कबूल केल्यासारखं होईल. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा नाही हे केव्हाच सांगितलंय. आमच्या हॉलचा जिना चढायला त्या निकालाला वेळ लागतोय, एवढंच."

सावंत म्हणाले, "बाथरूममध्ये जे झालं म्हणता ते कोणी केलं? त्यांची नावं सांगा. त्यांनाही काढा. आम्ही एकतर्फी बोलत नाही."

"नाही सांगणार. शिक्षा झालीय त्यांना. नावं सांगितली की तुम्ही त्यांचेही दाखले मागाल. मी या शाळेतून एकही मूल काढू देणार नाही. ज्याला त्रास झाला ते नाही आणि ज्यांनी दिला तेही नाहीत. इथून काढलं तर ते चौघे दुसऱ्या शाळेच्या बाथरूममध्ये हेच करतील. इथे निदान माझी नजर आहे."

ती नावं मी आजही सांगणार नाही. त्या चौघांपैकी दोघांचे वडील त्या सभेत बसलेले होते, इतकंच सांगते. त्यातले एक खूप तावातावाने टाळ्या वाजवत होते आणि कोणाच्या बाजूने वाजवायच्या ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात मंजुळाबाई उठल्या. सकाळचा मच्छीचा लिलाव आटोपून तशाच आल्या होत्या. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, "मी किरनची आई. बाजारात मी सगळ्यांशी भांडते, पन हितं मला बोलता येत नाय. माझं पोर तुमच्या पोरांच्या वाटेला जात नाय. शाळेत पानी पीत नव्हतं ते. आजारी पडलं तवा मला कळलं. त्याला..." मग हॉलकडे सरळ बघून म्हणाल्या, "तिला शिकू द्या. दाखला मी घेनार नाय. काय करायचं ते करा."

'तिला' हा शब्द मंजुळाबाई चारचौघांत पहिल्यांदा बोलल्या. मग त्या खाली बसल्या. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. सभेत ठराव झाला नाही. सावंत जाताना मला म्हणाले, "टीचर, मला पटलेलं नाही." मी म्हटलं, "न पटता राहा. पण तुमच्या मुलाला घरी सांगा, शाळेत कोणाला हात लावायचा नाही." त्याला ते हो म्हणाले. माझ्या हिशेबी तेवढं पुरे होतं.

फुकट काही झालं नाही. संस्थेच्या ऑफिसातून बोलावणं आलं. शिस्तभंगाची भाषा झाली. माफी मागितली तर विषय मिटेल, म्हणाले. मी विचारलं, कोणाची मागू? किरणची मागायला तयार आहे, शाळेच्या वतीने. ते त्यांना नको होतं. त्या वर्षीपासून वार्षिक क्रीडा महोत्सव माझ्याकडून काढून घेतला. ज्या मैदानावर मी उभं आयुष्य फक्की मारली तिथे दुसऱ्याने मारलेल्या वाकड्या रेषा बघत मी खुर्चीवर बसायचे. ते लागलं. लागलं नाही असं म्हणणार नाही.

पण किल्ली खिळ्यालाच राहिली. गंमत अशी की ती किरणपेक्षा इतरच जास्त वापरू लागले. पाळी सुरू झालेली सहावीतली मुलगी. अडखळत बोलतो म्हणून ज्याची नक्कल करायचे तो मुलगा. आईवडिलांच्या भांडणानंतर रडायला जागा हवी असलेली एक दहावीची पोर. किल्लीला दोरी बांधली, ती झिजली, दुसरी बांधली. कोण कशासाठी जातंय हे विचारायचं नाही, एवढा एकच नियम होता आणि तो मुलांनीच केला होता.

आता मी निवृत्त आहे. शाळेत पुन्हा मुलांची आणि मुलींची रांग वेगळी लागते, असं कळलं. बाथरूमला पुन्हा कुलूप लागलं होतं. मी जाऊन भांडले, ते निघालं. पुन्हा लागलं तर पुन्हा जाईन. नियम लिहून ठेवला नाही तर तो माणसाबरोबर निवृत्त होतो, हे मला उशिरा कळलं, आणि त्याची हळहळ वाटते. म्हणून दर पालकसभेला जाऊन शेवटच्या रांगेत बसते. नव्या मुख्याध्यापिका चहा विचारतात आणि मनात देवाचा धावा करतात.

किरण नर्सिंगला आहे. वडील तिच्याशी कमी बोलतात, पण बोटीवरून आले की तिच्यासाठी निवडक पापलेट बाजूला काढून ठेवतात, असं मंजुळाबाई सांगतात.

तिच्या दहावीच्या निरोप समारंभाचं सांगते आणि थांबते. आमच्याकडे त्या दिवशी मुली साड्या नेसतात. किरण आईची मोरपंखी साडी घेऊन आली होती. वर्गातल्या मुलींनी माझ्या खोलीत तिला नेसवली, पिना लावता लावता तिला दोनदा टोचलं, आणि सगळ्या मिळून हॉलमध्ये गेल्या. दारात कोणी अडवलं नाही. मी भांडायच्या तयारीने आले होते. कोणी समोरच येईना.

मग चौधरी सर एकेकाला स्टेजवर बोलावून गुलाब देऊ लागले. हातातल्या कागदावर प्रत्येक नावाआधी नुसतं 'कु.' लिहिलेलं असतं. मुलगा असेल तर कुमार म्हणायचं, मुलगी असेल तर कुमारी. सर भराभर वाचत होते आणि एका नावापाशी अडकले. कागदाकडे बघितलं. मोरपंखी साडीकडे बघितलं. मग हॉलच्या मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, हात हलवला नाही. आयुष्यभर मी त्यांच्यासाठी ठरवत आले होते. हे त्यांनी ठरवायचं होतं.

सरांनी घसा खाकरला आणि माइकपासून तोंड लांब नेऊन पुटपुटले, "कुमारी किरण."

पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. किरण उठावं की नाही अशी खुर्चीच्या कडेवर आली होती. मी मैदानावरचा आवाज लावला.

"सर, मागे ऐकू आलं नाही!"

सगळा हॉल मागे वळला. चौधरी सरांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी रुमाल काढला, परत खिशात ठेवला, माइक स्वतःकडे ओढला आणि 'कुमारी'सकट नाव पुन्हा वाचलं. या वेळी बाहेर वॉचमनपर्यंत गेलं.